सहा-सहा कंदांचा हिशेब

पत्रिकेत विषय छापलाय ‘मोरहेड नदीकाठची जमीन कोणाची?’ जमिनीकडे येतो, काळजी नसावी. पण तिथला माणूस जमिनीबद्दल बोलायचं झालं की आधी कंदांबद्दल बोलतो, तेव्हा आपणही त्याच वाटेने जाऊ.

पापुआ न्यू गिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, धुकं आणि पिसांचे मुकुट येतात. ते वरच्या भागातलं. आपला मुक्काम आज देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वेस्टर्न प्रांतात, फ्लाय नदी आणि इंडोनेशियाची सरहद्द यांच्यामधल्या सपाट पट्ट्यात आहे. मोरहेड नदी इथलीच. निलगिरीची झाडं, पांढऱ्या सालीचे पेपरबार्क, पुरुषभर उंच वारुळं, कांगारूच्या छोट्या भाऊबंदांचे, वॉलबींचे कळप. ऑस्ट्रेलियात आल्यासारखं वाटतं आणि ते चूकही नाही, कारण सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीपर्यंत मधली टॉरेसची सामुद्रधुनी कोरडी जमीन होती. साधारण डिसेंबर ते मे पाऊस, पुढे कोरडा काळ. पावसात निम्मा मुलूख पाण्याखाली, ऑक्टोबरात तोच भेगाळलेला. रोउकू हे इथलं एक गाव, भाषा कोम्न्झो, बोलणारी दोन-अडीचशे माणसं.

डोंगरात मुख्य अन्न रताळं, इथे कंद. त्याच्या खालोखाल सागो, म्हणजे सागोच्या माडाचा गाभा कुटून, पाण्यात कालवून काढलेलं पीठ. आपण ज्याला साबुदाणा म्हणतो तो टॅपिओकाचा असतो. मग एकादशीला नक्की काय चालतं, हा वाद आज नको, अर्धं सभागृह उठून जाईल.

कंद दोन जातींचे, आणि दोन्ही कोकणातल्यांच्या ओळखीचे. एक आपलं कोनफळ, दुसरी कणगर. कोनफळाचा वेल चौकोनी, कडांना पातळ पाती असलेला. कणगरीचा वेल काटेरी. दोघे काठीला विरुद्ध दिशांनी वेढे घालतात, त्यामुळे अंधारातही हाताने ओळखता येतात, कणगर असेल तर हात जरा रडतो. कोकणात हे पावसाच्या तोंडावर लावून थंडीत काढतात. तिथे विषुववृत्ताच्या पलीकडे म्हणून सगळं उलटं: लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबर, काढणी पाऊस सरल्यावर.

कोरड्या काळात राईचा एक तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा आणि पहिल्या पावसाआधी जाळायचा. लवकर जाळला तर लावणीपर्यंत तण परत येतं, उशीर झाला तर लाकूड भिजतं आणि अर्धवट जळतं. मग कुंपण. रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं अन्न उकरतात, म्हणून कुंपणात कुचराई नाही. जागा उंचवट्याची हवी, कारण मुळाशी पाणी साचलं की कंद कुजतो. माती खोलवर मोकळी करून वर ढीग करायचा. खाली कडक थर लागला की कंद बोटांसारखा फाटतो आणि सोलताना अर्धा फुकट जातो. कणगरीचे लहान कंद अख्खे लावायचे. कोनफळाचे तुकडे करायचे, कापलेल्या बाजूला राख लावून सुकवायचे. डोक्याकडचा तुकडा आधी फुटतो, शेपटाकडचा मागाहून. दोन्ही एकाच ओळीत मिसळले तर काढणीला निम्मे कोवळे निघतात. वेल काठीवर चढवायचा. जमिनीवर लोळणाऱ्या वेलावर पावसाचा चिखल उडतो, त्यातून करपा पसरतो आणि पान काळं पडतं. लावणी लांबली तर वेल भरभरून वाढतो, पण कंदाला दिवस पुरत नाहीत.

वेल पिवळा पडला की काढणी. काठीचा घाव बसलेला कंद कोठारात जात नाही, थेट चुलीवर जातो, कारण एक नासला की शेजारचे नासतात. कोठार अंधारं आणि वारा खेळता. कंद दोन-चार महिने झोपतो, मग कोंब येतात. ते वेळोवेळी खुडले नाहीत तर कंद स्वतःलाच खातो. बियाण्याचे कंद वेगळे. ते खाल्ले की पुढच्या वर्षी मागायला जावं लागतं, आणि मागणं सगळ्यांना दिसतं.

आता माझा आवडता भाग. हे कंद मोजतात कसे? सणाला, देवघेवीला, सगळ्यांसमक्ष. दोन माणसं ढिगाशी. प्रत्येकाने तीन कंद उचलायचे आणि नव्या ढिगात ठेवायचे. दोघांचे मिळून सहा. मोजणारा पुकारतो: एक. पुन्हा सहा: दोन. सहाव्या फेरीला छत्तीस झाले की एक कंद खूण म्हणून बाजूला. अशा सहा खुणा म्हणजे २१६, तारुबा. सहा तारुबा म्हणजे १२९६, दाम्नो. त्यापुढे ७७७६. मुखानं मोजण्याच्या या रांगेत प्रत्येक पायरीला स्वतःचं नाव आहे. एक दाम्नो मोजायला २१६ वेळा पुकारा, आणि मधे आकडा विसरला तर? सगळा ढीग उसकटावा लागत नाही, किती छत्तीस झाले ते खुणेचे कंद सांगतात. पाहुणे, म्हातारे आणि भांडणाऱ्या वहिन्या सगळे डोळे लावून असतात, तेव्हा खोटं पुकारणं अवघड.

आणि इथे माझी तक्रार. शाळेत शिकवतात, माणसाला दहा बोटं म्हणून दहाने मोजणं. मग या माणसांना सहा बोटं आहेत का? काहीजण तिथेही हात शोधतात: पाच बोटं आणि मनगट, झाले सहा. माझं मत, दोन हातांत तीन कंद आरामात मावतात आणि काम दोघांचं आहे. हिशेबाची सहा इथून आली. मोजणी कोठारातून जन्मली, तळहातातून नव्हे. निकोलस इव्हान्स यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनीही या मोजणीचा कंदांशी असलेला संबंध मांडला आहे. सरहद्दीपलीकडचे कानुम लोकही सहानेच मोजतात. रोजच्या व्यवहारात मात्र आता इंग्रजी आकडे. सहाचा पुकारा कंदांपुरता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जमीन पाच मिनिटांत.

बाग एक-दोन वर्षं पिकते, मग सोडतात, राई परत उभी राहते. उपग्रहाच्या चित्रात ही जागा ‘रिकामी’ दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक राई, ओढा, सागोचा झाडोरा नावाचा आणि कोणत्या ना कोणत्या कुळाचा आहे. गवताळ भागही मोकळा सोडलेला नसतो. शिकारीसाठी दरवर्षी जाळून तसा राखलेला असतो.

लग्नं बहिणींच्या अदलाबदलीने होतात: मी तुझी बहीण केली तर माझी तुला. मुलगी दुसऱ्या गावची, दुसऱ्या भाषेची. म्हणून एका बागेत काम करणारे सगळे मालक कुळाचे नसतात. जावई-मेहुणे परवानगी घेऊन लावतात आणि मोजणीच्या दिवशी हजर असतात.

देशाच्या सुमारे ९७ टक्के जमिनीवर असा परंपरागत हक्क आहे, असं सांगितलं जातं. तरी खास शेती-व्यवसाय भाडेपट्टे नावाच्या तरतुदीतून, लोकांकडून सरकारने आणि सरकारकडून कंपनीने भाड्याने घ्यायचे, ९९ वर्षांपर्यंत, असे सुमारे ५० लाख हेक्टर दिले गेले. २०११ साली चौकशी आयोग नेमला. २०१३ मध्ये संसदेत आलेल्या अहवालांत बहुतेक पट्ट्यांत लोकांची खरी संमती नव्हती, असं निघालं. पलीकडे इंडोनेशियात मेराउके इथे २०१० पासून सुमारे १२ लाख हेक्टरची अन्न-ऊर्जा योजना, आणि आता ऊस-भाताची मोठी मोहीम. तिथेही नकाशावर तीच ‘रिकामी’ जमीन.

भाडेपट्ट्याच्या कागदावर एका ‘प्रमुखा’ची सही घेतली जायची. ज्यांच्या बहिणी त्या बागेत नांदतात त्यांना विचारलेलं नसायचं, सोडलेल्या राईत पुढच्या वर्षी ज्यांना लावायचंय त्यांनाही नाही. दुसरी चिठ्ठी आलीय, थांबतो. कुणाला ९९ वर्षांच्या कलमाविषयी विचारायचं असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी यावं.