कॅमेरा सगळ्यात शेवटी

(दृश्य: रिकामा वर्ग. फॉल्स सीलिंग उघडं, शिडीवर दोघं जण.)

व्याख्यानं रेकॉर्ड होतील असा वर्ग उभा करायचा म्हटलं, की आधी चर्चा कॅमेऱ्याची होते. कोणता घ्यायचा, झूम किती, फोर-के हवा का? इथे मात्र कॅमेरा अजून खोक्यातच आहे. सध्या काम चाललंय ते आवाजाचं.

(दृश्य: वर्गाच्या मधोमध उभं राहून एक जण टाळी वाजवतो.)

ही टाळी ऐका. विरायला वेळ घेतेय. आवाज 60 डेसिबलनं खाली यायला जेवढा वेळ लागतो, तो त्या खोलीचा घुमण्याचा काळ. मध्यम आकाराच्या वर्गात तो 0.6 ते 0.7 सेकंदांच्या आत हवा. उघडं काँक्रीट आणि मोठ्या काचा असतील, तर एक सेकंद सहज ओलांडतो. बाकावर बसलेल्याला हे फारसं खटकत नाही. त्याला दोन कान आहेत, समोर शिक्षकांचे ओठ दिसतात, उरलेलं मेंदू जुळवून घेतो. माइक काहीच जुळवून घेत नाही.

(दृश्य: मागच्या भिंतीवर ध्वनिशोषक पॅनेल बसवताना.)

पॅनेलची सुरुवात मागच्या भिंतीपासून झालीय, कारण शिक्षकांचा आवाज तिच्यावर आदळून सरळ फळ्याकडे, म्हणजे माइककडेच परततो. सगळ्या भिंती झाकायची गरज नसते. पुढचं छत तर मुद्दाम टणक ठेवतात, म्हणजे आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचतो.

(दृश्य: ध्वनिमापकाचा जवळून शॉट, हवेची जाळी उघडते, मिटते.)

आता मापकावरचा आकडा बघा. जाळी उघडली की चढतो, मिटली की उतरतो. वातानुकूलन चालू, वर्ग रिकामा, अशा वेळी हा आकडा 35 डीबीएच्या, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून मोजलेल्या डेसिबलच्या, वर जायला नको. वातानुकूलन शांत ठेवायचा हा खर्च, इमारत वास्तुरचनाकाराच्या कागदावर असतानाच मांडावा लागतो. नंतर सॉफ्टवेअरनं आवाज साफ करू, असं म्हणणाऱ्यांनी तसं साफ केलेलं तासाभराचं व्याख्यान एकदा शेवटपर्यंत ऐकावं.

(दृश्य: शर्टाला कॉलर माइक लावणारे हात.)

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, मधोमध. ओळखपत्राची दोरी त्याच्यावर घासली, की तासभर खरखर. इतक्या जवळ का? अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं घटतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. 20 सेंटिमीटरवरचा माइक छतावर नेला, 3.2 मीटरवर, तर अंतर चार वेळा दुप्पट झालं. 24 डेसिबल गेले.

तरीही छतात माइक बसवतातच, कारण कॉलर माइक लावायला माणूस विसरतो, आणि विद्यार्थ्यांचे प्रश्नही पकडायचे असतात. फक्त दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवून मिसळायचे नाहीत. एकच आवाज दोन अंतरांवरून थोडा मागेपुढे पोहोचतो, काही स्वर एकमेकांना खातात आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं लागतं. म्हणून वेगवेगळे ट्रॅक, किंवा एका वेळी एकच माइक पुढे करणारा ऑटोमिक्सर. रेकॉर्डरवर पातळी सरासरी उणे 20 डेसिबलवर, शिखरं उणे 12 च्या आसपास; शून्य ही वरची हद्द. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

(दृश्य: जमिनीखालचा पाईप, त्यातून ओढली जाणारी केबल, लेबलं.)

माइकची केबल आणि विजेची केबल एका पाईपमधून न्यायची नाही. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. नाहीतर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी विजेची घूं बसते. टेबलापासून रॅकपर्यंत, म्हणजे यंत्रांच्या कपाटापर्यंत, अंतर दहा मीटरच्या पुढे असेल तर साधी एचडीएमआय केबल भरवशाची राहत नाही. त्याऐवजी नेटवर्क केबलवरून चालणारा एक्स्टेंडर. आणि पाईप जाडच टाका. आज तीन केबली आहेत म्हणून तीन केबलींचाच पाईप टाकला, की पुढच्या वेळी फरशी फोडावी लागते.

(दृश्य: रेकॉर्डरच्या पडद्यावर काळी चौकट, शेजारी प्रोजेक्टरवर मात्र स्लाइड स्पष्ट.)

ही काळी चौकट ओळखीची वाटेल. वर्गात सगळ्यांना स्लाइड दिसतेय, रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही. केबल शाबूत आहे. समोरचं यंत्र एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, स्वीकारतं असं कळलं, की काही लॅपटॉप साधी स्लाइडही कुलूपबंद करून पाठवतात, आणि रेकॉर्डरला ते कुलूप उघडता येत नाही. उपाय स्विचरच्या, म्हणजे कोणतं चित्र पुढे जावं ते निवडणाऱ्या यंत्राच्या, इनपुटवर: तिथे एचडीसीपी बंद करायचं. तिथेच ईडीआयडी, म्हणजे कोणत्या आकाराचं चित्र हवं ते लॅपटॉपला सांगणारी माहिती, 1920 बाय 1080 वर पक्की करायची, म्हणजे प्रत्येक लॅपटॉप वेगळ्या आकाराचं चित्र पाठवत नाही.

(दृश्य: कॅमेरा खोक्यातून बाहेर येतो, मागच्या भिंतीवर चढतो.)

आता कॅमेरा. साधा हिशेब करा: 6 मीटर रुंदीचा फळा 1920 पिक्सेलमध्ये बसवला, तर एका सेंटिमीटरला 3.2 पिक्सेल मिळतात. 3 मिलिमीटर जाडीची मार्करची रेघ म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. ती मोबाइलवर वाचता येणार नाही. म्हणून फळ्याचे दोन-तीन भाग पाडून प्रत्येकासाठी कॅमेऱ्याची नजर आधीच साठवून ठेवायची.

(दृश्य: प्रोजेक्टर लागतो; शिक्षक काळी आकृती होतात. मग एक्स्पोजर बदलतो.)

एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडलं की हे असं होतं. उजळ पडदा पाहून तो सगळंच चित्र अंधारवतो. तेव्हा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, हातानं पक्के करायचे. फळ्यावरच्या दिव्यांना वेगळं बटण द्यायचं, आणि ते दिवे पडद्यावर सांडू द्यायचे नाहीत. वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/50 किंवा 1/100, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.

(दृश्य: नियंत्रण कक्ष. पडद्यावर अनेक वर्गांच्या छोट्या चौकटी, आवाजाच्या पट्ट्या.)

वर्ग बांधून झाला म्हणून काम संपत नाही. वेळापत्रकानुसार रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं, पण रेकॉर्डरचं घड्याळ सर्व्हरशी जुळलेलं नसेल तर पहिली पाच मिनिटं जातात. म्हणून या खोलीत एक माणूस बसतो. बसायलाच हवा. चित्र हलतंय आणि पट्टी सपाट आहे, म्हणजे माइक म्यूटवर आहे किंवा बॅटरी संपलीय; असं दिसताच त्या वर्गातला फोन वाजतो. यंत्र यातलं बरंच ओळखतं, पण टेबलाच्या खणात ठेवलेला कोरा सेल त्याला माइकमध्ये घालता येत नाही.

सेकंदाला 4 मेगाबिटच्या वेगानं एका तासाच्या रेकॉर्डिंगचे 1.8 जीबी होतात. कॅमेरा आणि स्लाइड असे दोन प्रवाह धरले तर 3.6. सर्व्हरवरची प्रत तपासून झाल्याशिवाय रेकॉर्डरमधली मूळ फाइल पुसायची नाही.

(दृश्य: टेबलावर पेटलेला लाल दिवा, शेजारी थांबवण्याचं बटण.)

रेकॉर्डिंग चालू आहे हे वर्गातल्या प्रत्येकाला दिसायला हवं, आणि ते थांबवायचा अधिकार शिक्षकांच्या हाताशी.

(दृश्य: वाचनालयात हेडफोन लावलेले विद्यार्थी, पडद्यावर कॅप्शन.)

आजारपणात बुडलेला तास भरून निघतो, परीक्षेआधी अवघड भाग पुन्हा ऐकता येतो, ज्यांना ऐकू येत नाही ते वाचतात.

(दृश्य: रॅकमागची धूळ झटकताना तंत्रज्ञ.)

रोज सकाळी प्रत्येक वर्गाचं दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग, आणि ते हेडफोन लावून ऐकायचं. आठवड्यातून एकदा माइकच्या क्लिप तपासायच्या, महिन्यातून एकदा रॅकचे पंखे. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, सुट्टीत बदलायचं, आधी एकाच वर्गात. सत्र चालू असताना त्याला हात लावायचा नाही.