अंगणातली टेकडी

सकाळचे साडेसहा वाजलेत. आपण पुण्यात वेताळ टेकडीवर आहोत, आणि आत्ता तुम्हाला समोर दिसतंय ते नुसतं गवत आणि खडक वाटेल. जरा खाली वाका. हा काळा बेसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर आडवा पसरलेला, आणि त्याला जिथं भेग पडलीये तिथंच चिमूटभर माती साठलीये, आणि बघा, झुडूप उगवलंय तेही नेमकं तिथंच. सपाटीला गवत, उताराला धायटीची झुडपं, पाणी मुरतं तिथं मोठी झाडं. गिरिपुष्पाची झाडं माणसांनी आणून लावलीयेत, ते सोडा, पण बाकीची मांडणी पाण्याने केलीये.

आता घरी चला. हे आमचं मागचं अंगण, वीस बाय पंधरा फूट. इथं आधी लॉन होतं, कडेने क्रोटनची रांग, आणि उन्हाळाभर रोज संध्याकाळी पाइप धरून उभं राहायचं, तरी एप्रिलमध्ये ते पिवळं पडायचंच. मला खूप दिवस कळलंच नाही की पुण्यात पाऊस चार महिने पडतो आणि मी बाग मात्र बारा महिने पाऊस असलेल्या देशासारखी मागतोय.

मग लॉन काढलं, आणि अंगण टेकडीसारखं करायचं ठरवलं. पहिलं काम केलं गच्चीच्या पाइपाचं, तो आधी थेट गटारात जायचा, त्याचं तोंड अंगणाकडे वळवलं आणि मधोमध एक उथळ खळगा खणला, खाली दगडगोटे, वर मुरूम. पाणी साठतं पण दोन दिवसांत मुरून जातं, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो.

दगडांवर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्यांदा आणले आणि ठेवले मातीवर, तर ट्रकमधून पडल्यासारखे दिसायला लागले! परत टेकडीवर जाऊन बसलो, नीट बघितलं. तिथला कुठलाच दगड जमिनीवर ठेवलेला नसतो, तो जमिनीतून वर आलेला असतो. म्हणून प्रत्येक दगड एक तृतीयांश पुरला, लांब बाजू आडवी, सगळ्यांचा कल एकाच दिशेला. आणि झाडं लावली ती दोन दगडांच्या सांध्यात, मोकळ्या जागेत नाही. तेवढ्यानेच अंगणाचं रूप पालटलं, खरंच.

मातीत शेणखत जवळजवळ घातलंच नाही. नर्सरीवाले काका म्हणाले, अहो थोडं तरी टाका, पण ही झाडं हलक्या मातीतली, खत जास्त झालं की नुसती उंच वाढतात आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवी होतात.

आणि एक कळकळीने सांगतो, टेकडीवरून रोप उपटून आणू नका. बी किंवा रोप नर्सरीतूनच घ्या, देशी झाडांच्या नर्सऱ्या आता आहेत, थोडं शोधावं लागतं एवढंच.

हा ऑगस्ट. खळग्याच्या काठाने तेरडा आलाय. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात, आधी मंडईतून जुडी आणायचो, आता आई सकाळी अंगणातूनच मुळासकट काढून आणते. शेंग पिकली की बोट लावलं तरी फुटते आणि बी लांब उडतं, त्यामुळे पुढच्या वर्षी तेरडा कुठं उगवेल ते आपण ठरवत नाही, आणि मला तेच आवडतं. कुंपणावर कळलावी, पानाच्या टोकाने धरत धरत चढते, फूल आधी पिवळं मग लालभडक. ती विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर लावू नका.

थंडी सरता सरता धायटीला लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिथंच. रुईच्या पानांवर अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, ती प्लेन टायगर फुलपाखरं होणार आहेत.

हा शेवटचा शॉट मे महिन्यातला. गवत वाळलंय, सोनेरी झालंय, वरची टेकडीही आत्ता अशीच दिसतेय. पाणी घालत नाही. डावीकडे तो छोटा पांढरा दगड दिसतोय ना, त्याच्याखाली कळलावीचा कंद झोपलाय. खूण म्हणून ठेवलाय, कुणाची कुदळ लागायला नको.