फळ्यावरचा ‘का?’

फळ्यावर एकच ओळ आहे. प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी एक धन डेल्टा असा असतो, की… सगळा वर्ग ती उतरवून घेतो. फलन, म्हणजे एका संख्येवरून दुसरी देणारा नियम, एका बिंदूपाशी सलग असणं म्हणजे काय, त्याची ही व्याख्या. एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन अंतरं: पहिलं फलनाच्या किमतीतलं, दुसरं त्या बिंदूपासूनचं. रिअल ॲनालिसिसचा, म्हणजे कलनशास्त्राच्या काटेकोर पायाचा, तिसरा तास. सर वळतात आणि विचारतात, यातल्या ‘प्रत्येक एप्सिलॉन’ आणि ‘एक डेल्टा’ यांचा क्रम उलटा केला, म्हणजे आधी एकच डेल्टा घेतला आणि तोच प्रत्येक एप्सिलॉनला चालायला हवा म्हटलं, तर? मग ते गप्प उभे राहतात. उत्तर येईपर्यंत खडू हलत नाही.

उत्तर फार सुंदर आहे. क्रम उलटा केला, की ते फलन त्या बिंदूच्या आसपास सपाटच व्हावं लागतं, अजिबात न बदलणारं. दोन तुकड्यांच्या जागा बदलल्या आणि सगळा अर्थ पालटला. पहिल्या बाकावरची मुलगी सांगते, व्याख्या पाठ करायची नसते, तिला हलवून बघायचं असतं, हे तिला त्या शांततेत कळलं. शेवटच्या बाकावरच्या मुलाला तीच शांतता आठवते ती घशाला पडलेल्या कोरडीसाठी.

कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभं केलं. त्याचा पाया काटेकोर व्हायला पुढे दीडेक शतक गेलं. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये पाठ्यपुस्तक छापलं, ते पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या भावी अभियंत्यांसाठी. हे फार अमूर्त होतंय, अशी तक्रार तेव्हाही झाली होती. आजची एप्सिलॉन-डेल्टाची भाषा पक्की झाली ती त्याच्याही नंतर, जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या काळात. इतक्या पिढ्यांची झटापट आपण मुलांना एका सत्रात पचवायला सांगतो.

कडक शिक्षकांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाहीत. वाटप आपोआप होतं. तिथल्या नोंदींवरचा कॅरेल आणि वेस्ट यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी प्राध्यापकांच्या कॅल्क्युलसच्या वर्गांना त्या सत्रात सरासरी कमी गुण मिळाले, आणि विद्यार्थ्यांनीही त्या प्राध्यापकांना कमी पसंती दिली. पुढच्या विषयांत मात्र तीच मुलं सरस ठरली.

हे वाचून मी जवळजवळ सरांच्या बाजूचा झालो होतो. पण त्या अकादमीत पुढचे विषय सक्तीचे होते. मध्येच गणित सोडून जायची सोय नव्हती. आपल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला ती होती, आणि त्याने सत्र संपताच विषय बदलला.

दोघांनीही उत्तरपत्रिका जपून ठेवल्यात. दोन्हींच्या समासात लाल शाईने तोच शब्द, पुन्हा पुन्हा: का? का? मुलीला तो प्रश्न वाटला आणि ती उत्तर घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. मुलाला तो शेरा वाटला.

तोही एकदा गेला होता. दार उघडं होतं. आत पहिल्या बाकावरची चौघं-पाचजणं आधीच फळ्याभोवती उभी होती, भराभर बोलत. तो थोडा वेळ बाहेर थांबला, आणि घरी गेला.