गुलमर्गची स्की, बडोद्याची करवत

दृश्य : बडोदा, दांडिया बाजार. सुतारकामाचं दुकान. कामाच्या टेबलावर स्कीची जोडी.

निवेदन :
बडोद्यात बर्फ म्हटला की गोळाच आठवतो. ही जोडी मात्र गुलमर्गहून आली आहे. खडकावर आपटून एका स्कीची पोलादी कड उखडली आणि भाड्याने देणाऱ्याने जोडी मोडीत काढली. प्रकार 'ऑल माउंटन'. म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरही चालावी आणि गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या अंगावरच्या भुसभुशीत, ताज्या बर्फातही. आता कडक बर्फाला हवी कड रुतवणारी अरुंद, ताठ स्की. भुसभुशीत बर्फाला हवी तरंगणारी, रुंद आणि लवचीक. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. कुठे किती सोडायचं, हे ठरवणं म्हणजेच अशा स्कीचं डिझाइन.

दृश्य : सुतारकाका स्कीखालून पोस्टकार्ड सरकवतात.

"मधे आरपार जातंय की! पाट वाकलाय होय?"

नाही काका, मुद्दाम तसाच घडवलाय. मधल्या या कमानीला कॅम्बर म्हणतात. माणूस उभा राहिला की कमान दबते, भार दोन्ही टोकांकडे पसरतो आणि लांबलचक कड बर्फाला धरते. कार्ड आणखी पुढे नेलं तर एका जागी अडतं, आणि टोकाच्या वीतभर अलीकडे पुन्हा मोकळं होतं. तिथून स्की हळूहळू वर उचलली आहे. हा रॉकर. ताज्या बर्फात हे टोक बुडत नाही, वळताना अडकत नाही. कडक उतारावर मात्र तेवढी कड हवेतच राहते आणि वेगात टोक फडफडतं. १८० सेंटिमीटर म्हणून घेतलेली स्की पायाखाली त्याहून आखूड वाटते, ती यामुळे.

२००२ साली शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची 'स्पॅच्युला' आली. कमानही उलटी, कंबरही (म्हणजे मधली रुंदी) उलटी, टोकांपेक्षा मध्यच रुंद. खोल बर्फात ती वॉटर-स्कीसारखी तरंगायची. कडक उतारावर तिच्यावर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. आजच्या ऑल माउंटन स्कीने तिच्याकडून टोकांपुरतंच घेतलं.

दृश्य : मोजपट्टी. पुढे १३०, मधे ९०, मागे ११२ मिलिमीटर.

कडेची ही आत गेलेली रेघ म्हणजे सुमारे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्की कलती करून दाबली की ती वाकते आणि त्याहूनही लहान वळण घेते. ६० अंश कलली तर त्रिज्या जवळपास निम्म्यावर येते. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कमरेची 'एससीएक्स' बाजारात आणली. तोवरच्या लांब, जवळजवळ सरळ स्कीवर वळण घेणं बरंचसं घसरवण्याचं आणि ताकदीचं काम होतं.

दुकानात सगळे आधी कंबर विचारतात. आमच्या मते या आकड्याचं जरा जास्तच कौतुक होतं. रुंद कंबर तरंगते खरी, पण कड बुटाच्या मध्यापासून दूर गेल्यामुळे ती बर्फात रोवायला वेळ लागतो आणि गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो. खरी गोम पोटात आहे.

दृश्य : उखडलेल्या स्कीवर करवत. कापलेला भाग जवळून.

खाली काळं पॉलिथिलीन, बाजूला पोलादी कड. मग फायबरग्लास, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, लाकूड, आणि वर पुन्हा पत्रा, पुन्हा फायबरग्लास. काका नखाने लाकूड कोरून बघतात.

"पट्ट्या उभ्या चिकटवल्यात. फिकट लाकूड हलकं आहे. मधल्या गडद पट्ट्या टणक, स्क्रू धरायला."

अगदी बरोबर; बुटाची पकड इथेच स्क्रूने बसवतात. धातू आणि लाकूड एकत्र चिकटवलेली स्की १९५० मध्ये बाजारात रुजवली ती हॉवर्ड हेड या विमान कारखान्यातल्या इंजिनिअरने. हा पत्रा दोन कामं करतो. थरथर शोषतो आणि स्कीला पिळू देत नाही. स्की पिळली की तिचं टोक सपाट पडतं आणि कडक बर्फावर कड सुटते. याची किंमत वजनात मोजावी लागते. शिवाय हलक्या अंगाच्या किंवा नवशिक्या माणसाला अशी ताठ स्की वाकवताच येत नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही. मग दोष स्वतःच्या पायांना दिला जातो.

दृश्य : दुसरी, अखंड स्की काकांच्या हातात.

बडोद्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गुलमर्गला धातूची, शंभर मिलिमीटर कमरेची स्की हौसेने मागू नये. कंबर ८० ते ८५, पोटात नुसतं लाकूड आणि फायबरग्लास, टोकाला थोडा रॉकर, उंची हनुवटीपर्यंत. खालच्या उतारांना एवढं पुरतं. पैसे देण्याआधी नखाची पाठ कडेवर आडवी, हलकेच घासा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नुसतंच सरकलं तर दुसरी जोडी मागा.