ताप, गोळी आणि लस

श्रोतेहो, नमस्कार.

ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. थोड्या वेळात घाम येतो, अंग हलकं होतं आणि आपण म्हणतो, गोळी लागू पडली. पडली खरी, पण आजारावर नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. अंग किती गरम ठेवायचं, ते तो ठरवतो. शरीरात जंतू शिरले की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि त्यांच्यामुळे ही पातळी वर चढते. म्हणून तर ताप चढताना अंग तापलेलं असूनही हुडहुडी भरते. पॅरासिटामॉलने मेंदूतली ही द्रव्यं कमी होतात, पातळी उतरते, घाम फुटतो. जंतू मात्र होते तिथेच असतात. त्यांच्याशी झगडत असतं ते तुमचं शरीर.

तेव्हा ताप हटत नाही म्हणून गोळीवर गोळी घेऊ नका. जादा पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं, आणि सर्दीच्या कित्येक तयार गोळ्यांत ते आधीच असतं. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची, ती यासाठी.

जंतूंना मारणारी औषधं वेगळी. पेनिसिलिनचंच बघा. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते सापडलं. जिवाणूच्या पेशीभोवती टणक भित्तिका असते; पेनिसिलिन ती धड बांधूच देत नाही आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून त्यांना धक्का लागत नाही. पण विषाणूंनाही ती नसते! साध्या सर्दीसाठी डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरणं व्यर्थ, ते याच कारणाने. नुसतं व्यर्थ असतं तरी चाललं असतं. त्यात आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे फोफावतात.

लशीचं काम या दोन्हींहून निराळं. मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू, कधी त्याचा एखादाच तुकडा, ती शरीराला दाखवते. एमआरएनए लशी तर तो तुकडा बनवण्याची कृतीच पेशींच्या हाती देतात. मग प्रतिपिंडं, म्हणजे त्या जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. पुरेसं संरक्षण यायला साधारण दोन आठवडे जातात. आज टोचलं आणि उद्या निर्धास्त, असं होत नाही. काही पेशी मात्र ती ओळख वर्षानुवर्षं जपतात. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गाईंच्या देवीतली लस एका मुलाला टोचली, त्या वाटेने जात १९८० साली देवी रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं.

लस घेतल्यावर अंग कसकसतं, ती शरीराची हीच तयारी. पण ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असं मुळीच नाही.

सगळ्या लशींची ओळख सारखी टिकत नाही. गोवराच्या लशीचे दोन डोस बहुतेकांना जन्मभर पुरतात. धनुर्वाताचं संरक्षण हळूहळू ओसरतं, म्हणून मोठ्यांनाही साधारण दर १० वर्षांनी बूस्टर घ्यावा लागतो. फ्लूचा विषाणू तर सारखं रूप पालटतो. त्यामुळे त्याची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.