होल्मेनकोलेनच्या उताराभोवती दीड लाख माणसे

१९५२ हे साल उच्चारले की मराठी माणसाला हेलसिंकी आणि खाशाबा जाधव यांचे कांस्यपदक आठवते. त्याच्या पाच महिने आधी, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, शेजारच्या नॉर्वेमध्ये ऑस्लो येथे हिवाळी ऑलिंपिक भरले होते. तीस देशांचे जवळजवळ सातशे खेळाडू तेथे आले. मात्र त्या बारा दिवसांची खरी ओळख खेळाडूंइतकीच प्रेक्षकांमुळे होते, कारण ज्या खेळांत आपले बालपण गेले तेच खेळ पाहायला ही माणसे आली होती.

या गर्दीच्या मागे एक दीर्घ प्रतीक्षा होती. १९४० ते १९४५ ही पाच वर्षे नॉर्वे जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. नाझी राजवटीने क्रीडासंघटना आपल्या हाती घेताच नॉर्वेच्या खेळाडूंनी अधिकृत स्पर्धांवर बहिष्कार टाकला आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. ऑस्लोच्या होल्मेनकोलेन टेकडीवर दरवर्षी होणाऱ्या स्कीच्या, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या, स्पर्धा १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत झाल्याच नाहीत. सात वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे सैनिक या शहराच्या रस्त्यांवर पहारा देत होते, त्या जर्मनीचे खेळाडूही युद्धानंतर प्रथमच या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले, हे लक्षात घेतले म्हणजे ऑस्लोच्या यजमानपदाचे मोल कळते.

ज्योतही या वेळी ग्रीसमधून आली नाही. टेलेमार्क प्रांतातील मोरगेडाल या खेड्यात, आधुनिक स्कीचे जनक मानले जाणारे सोंद्रे नोरहाइम ज्या घरात जन्मले, त्या घराच्या चुलीत १३ फेब्रुवारीला ती पेटवण्यात आली आणि ९४ स्कीपटूंनी हातोहात ती राजधानीपर्यंत आणली. १५ तारखेला बिस्लेट स्टेडियममध्ये ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे नातू आइगिल यांनी ती अखेरच्या टप्प्यात वाहिली. नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचा अंत्यविधी होता. नॉर्वेचे राजे होकॉन नात्याने त्यांचे काका. ते तिकडे गेलेले असल्यामुळे त्यांची २१ वर्षांची नात, राजकन्या राग्नहिल्ड, उद्घाटनाला उभी राहिली. ऑलिंपिकचे उद्घाटन एका स्त्रीने करण्याचा तो पहिला प्रसंग होता.

बिस्लेटच्या उघड्या बर्फावर १७ ते १९ फेब्रुवारी हे तीन दिवस एकाच माणसाचे होते. यालमार आंदरसन हा व्यवसायाने ट्रकचालक, आणि प्रेक्षकांच्या तोंडी त्याचे नाव ‘यालिस’. स्पीड स्केटिंगमध्ये, म्हणजे धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावर धावण्याच्या शर्यतीत, एका वेळी दोघेच धावतात आणि खरी झुंज घड्याळाशी असते. त्यामुळे नवख्याला हा खेळ कंटाळवाणा वाटू शकतो, पण नॉर्वेचा जाणकार प्रेक्षक मांडीवर वही ठेवून, हातमोजा काढून, प्रत्येक फेरीचा वेळ पेन्सिलीने टिपत बसतो आणि त्या आकड्यांतूनच त्याला शर्यत दिसते. १७ फेब्रुवारीला यालिसने ५,००० मीटरची शर्यत ११ सेकंदांच्या फरकाने जिंकली. १८ तारखेला १,५०० मीटरमध्ये तो अवघ्या दोन दशांश सेकंदांनी पुढे राहिला. १९ तारखेला १०,००० मीटरच्या पंचवीस फेऱ्या त्याने १६ मिनिटे ४५.८ सेकंदांत पूर्ण केल्या, तेव्हा दुसरा क्रमांक त्याच्यापासून जवळजवळ २५ सेकंद मागे होता.

डोंगरउतारांवर त्या वर्षी बर्फ कमी पडला होता आणि तो वाहून आणून मार्ग तयार करावे लागले. अशाच उतारावर अमेरिकेची १९ वर्षांची अँड्रिया मीड लॉरेन्स स्लॅलमच्या, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीच्या, पहिल्या फेरीत पडली, उठून पुन्हा वर चढली, चुकलेले फाटक पार केले आणि दुसऱ्या फेरीच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली. त्याआधी याच प्रकारातली अधिक लांब शर्यत, जायंट स्लॅलमही, तिनेच जिंकले होते.

२४ फेब्रुवारीचा रविवार होल्मेनकोलेनचा होता. स्की उडी, म्हणजे उतारावरून घसरत येऊन हवेत घेतलेली लांब झेप, पाहण्यासाठी उताराच्या दोन्ही अंगांना आणि तळाच्या गोठलेल्या तळ्याभोवती सुमारे दीड लाख माणसे दाटीवाटीने उभी राहिली. १९२४ पासून प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचे सुवर्णपदक नॉर्वेकडेच आले होते, त्यामुळे वर उभ्या असलेल्या उडीपटूच्या खांद्यावर किती ओझे असेल याची कल्पना करावी. आणि या उडीत अंतराबरोबर डौलालाही गुण असतात. उडीपटू जमिनीला लागताना एक पाऊल पुढे सरकवतो, गुडघे लवचीक ठेवतो, हात दोन्ही बाजूंना पसरतो. या टेकण्याच्या पद्धतीला ‘टेलेमार्क’च म्हणतात. मोरगेडालच्या चुलीतून निघालेली ज्योत आणि हे पाऊल, दोन्हींचे गाव एकच.

तोरबियोर्न फाल्कांगर हा १९४९ आणि १९५० मध्ये याच टेकडीवर विजयी झालेला, आणि उद्घाटनाच्या दिवशी सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेणाराही तोच. पहिल्या उडीत त्याने ६८ मीटर गाठले, तर २३ वर्षांच्या आर्नफिन बर्गमनने ६७.५. दुसऱ्या फेरीत बर्गमन ६८ मीटरवर उतरला. फाल्कांगर मात्र ६४ मीटरवरच टेकला. बर्गमनचे गुण २२६, फाल्कांगरचे २२१.५. उताराभोवतीच्या गर्दीला आकडे लागण्याची वाट पाहावी लागली नसेल. त्यांच्यातील कितीतरी जणांनी लहानपणी गावाकडच्या छोट्या उतारांवर ते चार मीटर स्वतःच्या पायांनी मोजलेले होते.