मामा, बॅसिलिका आणि काळा दगड

तर मंडळी, संभाजीनगरहून रात्रभर स्लीपरमधे अंग आंबवून आलो, पणजीतून कदंबाची सरकारी बस पकडली, दहाएक किलोमीटर, आणि आता जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकापुढं उभे आहोत. सोबत आमचे मामा, वेरूळकडचे पाथरवट. सकाळची वेळ, गर्दी अजून यायचीय, आत कोकणीत प्रार्थना चालू, अर्धी कळते अर्धी नाही.

पलीकडचं से कॅथेड्रल बघा कसं पांढरंफेक. आणि हे? लालभडक, उघडंबोडकं. काम सुरू झालं १५९४ ला, १६०५ ला तयार, तेव्हा यालाही चुन्याचा गिलावा होता बरं का, १९५० नंतरच्या काळात तो खरवडून काढला, जुनं दिसावं म्हणून! मामांनी जांभ्यावर अंगठा घासला तर बोटाला लाल भुकटी. "असल्या दगडाला उघडं ठेवतेत व्हय? पाऊस खातोय की ह्याला."

आत गेलो. सोन्याची वेदी, बाळ येशू एवढुसा आणि वर संत इग्नेशियस केवढा मोठा. उजव्या अंगाला चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियरचा देह. हे वारले १५५२ ला, चीनजवळच्या बेटावर, देह गोव्यात आला १५५४ ला. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी घडवली, खालचा संगमरवरी चौथरा मात्र पार इटलीतल्या फ्लोरेन्सहून आला, १६९८ ला बसवला, तिथल्या ड्यूकनं दिला, आणि बदल्यात त्याला काय मिळालं तर संताच्या डोक्याखालची उशी! पेटी इतकी उंचावर की मान दुखते, देह खाली आणतात दहा वर्षांनी एकदा. पैठणला नाथांच्या समाधीपुढं जोडतो तसे आपसूक हात जोडले गेले, मामांनी तर टोपी पण काढली.

पण मामांचा जीव बाहेरच. दर्शनी भिंतीवर लालमधे काळे खांब, काळी नक्षी, तिथं जाऊन चिकटले.

"भाच्या, हा इथला न्हाई. हा आपला काळा पाषाण हाय."

मी म्हटलं, मामा, वसईहून आणलाय हा, समुद्रातून. पण म्हणजे तेच की, दख्खनचाच लाव्हा, वसईला काय नि वेरूळला काय. मामा ऐकतच नव्हते, वेलबुट्टीच्या कडेवरून नख फिरवत होते, चारशे वर्षांत धार गेली नाही म्हणे, जांभा बघ कसा पोखरलाय.

"समदं बरोबर, पण टाकी कोणाची होती रे?"

मी पाटी वाचली. ड्यूकचं नाव होतं, घडवणाऱ्याचं नव्हतं. मामा अजून तिथंच उभे आहेत, उन्हं वर आली, पहिली टूरिस्ट बस लागली.